लायसन्स संपत नाही, हक्क संपतो: कमी उडणाऱ्या वैमानिकासाठी अमेरिकेतल्या मुदतींचा हिशेब

एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं, प्रायव्हेट पायलटचं प्लास्टिकचं कार्ड उलटसुलट करून बघा. ते कधी दिलं याची तारीख सापडेल, कधी संपतं याची सापडणार नाही, कारण ते संपतच नाही. पासपोर्ट, व्हिसा, ड्रायव्हिंग लायसन्स अशा प्रत्येक कागदावर आधी शेवटची तारीख बघायची सवय लागलेल्या आपल्या मंडळींना हे भारी वाटतं. घोळ तिथंच सुरू होतो. कार्ड जन्मभराचं असलं तरी ते वापरायचा हक्क तीन मुदतींवर अवलंबून असतो. त्या कार्डावर छापलेल्या नसतात, आणि तिन्ही मोजायची रीत वेगवेगळी आहे.

मी न्यू जर्सीत राहतो आणि क्लबचं सेस्ना १७२ हे छोटं विमान भाड्यानं घेऊन उडवतो. नोकरी, मुलांचे शनिवारचे क्लास आणि इथला हिवाळा यांतून वर्षाकाठी वीसेक तास निघाले तर ते वर्ष चांगलं म्हणायचं. ज्यांनी वर्ष-दोन वर्षांपूर्वी हौसेनं लायसन्स काढलं आणि आता लॉगबुकच्या दोन नोंदींमधलं अंतर वाढत चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इथं सांगितलेलं सगळं अमेरिकन नियमांनुसार आहे, आणि तेही फक्त विमानापुरतं. हेलिकॉप्टर आणि ग्लायडरवाल्यांनी आपापलं बघावं.

पायरी १: चार तारखा एका कागदावर

लॉगबुक आणि मेडिकलचं सर्टिफिकेट समोर घ्या आणि चार तारखा लिहून काढा: शेवटचा फ्लाइट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरसोबतची ठरावीक मुदतीची उजळणी), शेवटची वैद्यकीय तपासणी, दिवसाची शेवटची तीन टेकऑफ-लँडिंग आणि रात्रीची शेवटची तीन. लायसन्सची परीक्षा नुकतीच पास झाला असाल तर त्या परीक्षेची तारीख हाच तुमचा पहिला फ्लाइट रिव्ह्यू धरा. हा कागद माझ्या फ्रिजवर असतो. मोबाइलमधल्या अॅपची आठवण मी ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला सारतो. फ्रिज मात्र दिवसातून दहा वेळा उघडावा लागतो.

पायरी २: फ्लाइट रिव्ह्यू, दर २४ कॅलेंडर महिन्यांनी

नियम ६१.५६ प्रमाणे दर २४ कॅलेंडर महिन्यांत एकदा इन्स्ट्रक्टरसोबत किमान १ तास जमिनीवर आणि किमान १ तास हवेत घालवावा लागतो. ‘कॅलेंडर महिना’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. रिव्ह्यू ३ मार्च २०२५ ला झाला असेल तर तो ३१ मार्च २०२७ पर्यंत चालतो. महिन्याच्या सुरुवातीला केलात तर जवळजवळ महिनाभर फुकट पदरात पडतो.

नवीन वैमानिक याला परीक्षा समजून घाबरतात. यात नापास हा प्रकारच नाही. इन्स्ट्रक्टरचं समाधान झालं तर तो लॉगबुकात तशी नोंद करून सही करतो. नाही झालं तर ते उड्डाण नुसतं शिकवणीचं म्हणून लिहिलं जातं आणि तुम्ही पुन्हा एकदा जाता. एक तास हा किमान आकडा आहे, हेही आधीच मनाशी धरून ठेवा. आठ महिने विमानाला हात न लावलेला माणूस एका तासात मोकळा होईल अशी अपेक्षा इन्स्ट्रक्टर ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

रिव्ह्यूची मुदत उलटली तर एकट्यानंसुद्धा विमान उडवता येत नाही. प्रवासी नसले तरी नाही. इन्स्ट्रक्टर बरोबर घेऊन शिकायला जाता येतं, तेवढंच.

रिव्ह्यू टाळायचे दोन सरळमार्ग आहेत. एक, नवीन रेटिंगची, म्हणजे लायसन्सवरच्या जास्तीच्या पात्रतेची, परीक्षा पास व्हा. उदाहरणार्थ, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांतून नुसत्या उपकरणांवर उडण्याची पात्रता) मिळालं की २४ महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुसरा म्हणजे एफएएचा विंग्ज हा कार्यक्रम. त्यात बेसिक पातळीचा एक टप्पा पुरा करायला ज्ञानाचे ३ आणि प्रत्यक्ष उड्डाणाचे ३ क्रेडिट लागतात. ज्ञानाचे घरबसल्या ऑनलाइन होतात, उड्डाणाचे इन्स्ट्रक्टरसोबत. टप्पा पुरा झाला की वेगळा रिव्ह्यू लागत नाही. कमी उडणाऱ्याला मी विंग्जच सुचवेन, कारण दोन वर्षांनी एकदाच ढवळून निघण्यापेक्षा त्यात इन्स्ट्रक्टरसोबतचा सराव थोडा थोडा वाटून घेता येतो.

पायरी ३: मेडिकल

प्रायव्हेट पायलटला तिसऱ्या श्रेणीचं मेडिकल पुरतं. तपासणीच्या दिवशी वय ४० पेक्षा कमी असेल तर ते ६० कॅलेंडर महिने चालतं, ४० पूर्ण असतील तर २४ महिने. बघितलं जातं ते तपासणीच्या दिवसाचं वय. म्हणजे चाळिसाव्या वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात तपासणी केलीत तर पाच वर्षांची निश्चिंती, आणि वाढदिवसाचा केक कापून मग गेलात तर दोनच वर्षांची. माझ्या एका मित्रानं वाढदिवसानंतर ‘आता निवांत जाऊ’ म्हणत हे तीन वर्षांचं नुकसान करून घेतलं.

तपासणी एफएएनं नेमलेल्या डॉक्टरकडेच होते. आधी मेडएक्सप्रेस या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो, आणि अर्ज भरल्यापासून ६० दिवसांत तपासणी झाली नाही तर तो बाद होतो. या डॉक्टरकडे जाण्याआधी स्वतःच्या नेहमीच्या डॉक्टरला भेटा, हे मी आग्रहानं सांगतो. आपल्याकडे रक्तदाब आणि मधुमेह घरोघरी. एफएएची रक्तदाबाची मर्यादा १५५/९५ आहे. त्या दिवशी धावतपळत गेलात, वर दोन कप कडक चहा घेतला आणि आकडा चढला, तर विनाकारण कागदपत्रांचा ससेमिरा मागे लागतो. नवीन गोळी सुरू झाली असेल तर तिचं काय करायचं हे अर्ज भरण्याआधी ठरवा, अर्ज भरल्यानंतर नव्हे.

दुसरी वाट बेसिकमेडची. ती मे २०१७ पासून उघडली आणि हौशी वैमानिकाला फार सोयीची पडते. अट अशी की १४ जुलै २००६ नंतर कधीतरी तुमच्याकडे एफएएचं मेडिकल असायला हवं आणि शेवटचं मेडिकल नाकारलेलं किंवा रद्द झालेलं नसावं. मग तुमचा कुठलाही परवानाधारक डॉक्टर एफएएची यादी हातात घेऊन दर ४८ महिन्यांनी तुम्हाला तपासतो, आणि दर २४ कॅलेंडर महिन्यांनी एक मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम करावा लागतो. त्यासोबत अमेरिकेतलं चालू ड्रायव्हिंग लायसन्स हवं. हृदयाचे, मेंदूचे आणि मानसिक आरोग्याचे काही ठरावीक आजार असतील तर आधी एकदा एफएएची खास परवानगी काढावी लागते. विमानाच्या मर्यादा २०२४ च्या नोव्हेंबरपासून सैल झाल्या आहेत: जास्तीत जास्त ६ प्रवासी, १२,५०० पौंड वजन, १८,००० फुटांच्या खाली, २५० नॉटपर्यंत. सेस्ना १७२ वाल्याला यातली एकही मर्यादा आडवी येत नाही.

मेडिकल खिशात असलं तरी तुम्हाला बरं नाही हे तुम्हालाच ठाऊक असेल तर उडायचं नाही, हा वेगळा नियम आहे, ६१.५३. इथं बहुतेकांचा पाय घसरतो तो सर्दीच्या गोळीवर. बेनाड्रिलमधल्या डायफेनहायड्रामिननंतर एफएए ६० तास थांबायला सांगते. म्हणजे गुरुवारी रात्री नाक चोंदलं म्हणून गोळी घेतलीत तर रविवार सकाळपर्यंत विमान विसरा.

वयाची वरची मर्यादा प्रायव्हेट पायलटला नाही. भारतात दिलं गेलेलं पहिलं लायसन्स १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना मिळालं. पन्नास वर्षांपूर्वीचं आपलं कराची-मुंबई उड्डाण त्यांनी १९८२ मध्ये पुन्हा केलं, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. तर पन्नाशीला ‘आता काय उडायचं’ म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा.

पायरी ४: ९० दिवस आणि तीन लँडिंग

ही मुदत सगळ्यात आखूड आणि सगळ्यात जास्त चुकवणारी. नियम ६१.५७: प्रवासी घेऊन उडायचं असेल तर मागच्या ९० दिवसांत तुम्ही स्वतः नियंत्रणं हातात घेऊन त्याच श्रेणीच्या आणि वर्गाच्या विमानात तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली असली पाहिजेत. सेस्ना १७२ मधली लँडिंग पायपर आर्चरलाही चालतात, कारण दोन्ही एका इंजिनाची, जमिनीवर उतरणारी विमानं. दोन इंजिनांच्या विमानाला चालत नाहीत. दिवसा टच-अँड-गो, म्हणजे चाकं टेकवून न थांबता पुन्हा उडणं, चालतं. शेपटाखाली चाक असलेलं विमान असेल तर मात्र प्रत्येक वेळी पूर्ण थांबावं लागतं.

इथं मोजणी कॅलेंडर महिन्यांची नाही, दिवसांची आहे. १ जूनला तीन लँडिंग केली असतील तर ३० ऑगस्टला प्रवासी नेता येतात, ३१ ऑगस्टला नाही. हे मला नेमकं ३१ ऑगस्टलाच कळलं. आई-बाबा सांगलीहून आले होते, त्यांना हडसन नदीवरून स्वातंत्र्यदेवता दाखवायची म्हणून महिनाभर बेत चालला होता. विमानाची तपासणी झाली, बाबा पुढच्या सीटवर बसून पट्टाही लावू लागले होते, आणि वजनाचा हिशेब लिहिताना लॉगबुक उघडलं तर ९१ वा दिवस.

अशा वेळी घरी परतायची गरज नसते. अट प्रवाशांची आहे, एकट्यानं उडण्याची नाही. दोघांना उतरवून बाकावर बसवलं, आईच्या हातात चिवड्याचा डबा दिला आणि एकट्यानं तीन चकरा मारून आलो. तिसऱ्यांदा धावपट्टीवरून परतलो तर आई म्हणाली, “अरे, आज विमान सारखं परतच का येतंय? काही बिघडलंय का?” मग गेलो सगळे. पण त्या तीन चकरांत माझं पहिलं लँडिंग चांगलंच आदळलं होतं. शेजारी आई नव्हती हे बरंच झालं. तेव्हापासून पाहुणे येणार असतील तर मी आदल्या आठवड्यात एकट्यानं जाऊन येतो, मुदत शिल्लक असली तरीसुद्धा.

पायरी ५: रात्र कुठली?

अमेरिकन नियमांत ‘रात्र’ या शब्दाचे अर्थ तीन आहेत. विमानाचे दिवे सूर्यास्त ते सूर्योदय लावायचे. लॉगबुकात ‘रात्रीचं उड्डाण’ लिहायचं ते संधिप्रकाश संपल्यापासून तो पुन्हा सुरू होईपर्यंत. आणि रात्री प्रवासी नेण्यासाठीची तीन टेकऑफ-लँडिंग सूर्यास्तानंतर १ तास ते सूर्योदयाआधी १ तास या वेळातच केलेली हवीत. तीही प्रत्येक वेळी पूर्ण थांबून. टच-अँड-गो इथं मोजलं जात नाही.

जूनमध्ये न्यू जर्सीत सूर्य साडेआठला मावळतो. म्हणजे रात्रीची पहिली चक्कर साडेनऊनंतर, आणि घरी पोचेपर्यंत मध्यरात्र. डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्यास्त, साडेपाचनंतर निघालात तरी जेवायला घरी. त्यामुळे रात्रीचा सराव मी थंडीतच उरकतो. तुम्ही रात्री प्रवासी नेतच नसाल तर ही मुदत खुशाल जाऊ द्या. मात्र उन्हाळ्यातल्या संध्याकाळी परतीला उशीर झाला आणि सूर्यास्तानंतर तास उलटून गेला, तर बायको-मुलांसकट तुम्ही नियमाबाहेर उतरता. परतीची वेळ ठरवताना सूर्यास्ताची वेळ आधी बघून ठेवा.

पायरी ६: क्लब, विमा, विमानाचे कागद

सरकारी नियमांत बसलात म्हणून क्लब विमान देईलच असं नाही. बहुतेक क्लबांचे आणि त्यांच्या विमा कंपन्यांचे नियम जास्त कडक असतात: अमुक दिवसांत उडला नसाल तर इन्स्ट्रक्टरसोबत एक चक्कर. कुठं ६० दिवस, कुठं ९०. सदस्य होतानाच विचारा. भाड्यानं विमान घेणाऱ्यासाठी स्वतंत्र विमाही मिळतो. क्लबच्या विम्यात तुमच्या खिशाला किती झळ बसू शकते ते वाचा आणि मग ठरवा.

विमानाची वार्षिक तपासणी १२ कॅलेंडर महिन्यांत आणि ट्रान्सपाँडरची (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राची) २४ महिन्यांत झालेली हवी. क्लब हे बघतो, पण उडण्याआधी बघण्याची जबाबदारी वैमानिकाची, म्हणजे तुमची.

पायरी ७: पत्ता बदलला, किंवा देश बदलला

पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत एफएएला कळवलं नाही तर ३१ व्या दिवसापासून लायसन्स वापरता येत नाही. घर बदलताना बँक, बिलं, शाळा सगळीकडे कळवतो आणि हे हमखास राहून जातं. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे.

अमेरिकेत शिकून पुण्या-नाशिकला परतलेल्यांसाठी २०२५ पासून नवी अट आली आहे. एफएएकडे नोंदवलेला पत्ता परदेशातला असेल आणि अमेरिकेत राहण्याचा पत्ता नसेल, तर अमेरिकेतली एखादी व्यक्ती किंवा संस्था आपली प्रतिनिधी म्हणून नेमावी लागते, एफएएची पत्रं स्वीकारण्यासाठी. ज्यांच्याकडे आधीपासून लायसन्स होतं त्यांना यासाठी ७ जुलै २०२५ पर्यंत मुदत होती. ती चुकली असेल तर आधी हे करा, मग रिव्ह्यूचं बघा. आणि हे लायसन्स अमेरिकेत नोंदलेल्या विमानांसाठी आहे. सुट्टीत जुहू किंवा बारामतीला जाऊन भारतीय नोंदणीचं विमान त्यावर उडवता येत नाही, त्यासाठी डीजीसीएची, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक महासंचालनालयाची, वेगळी प्रक्रिया आहे.

पायरी ८: वीस तास कसे वाटायचे

कागद पुरे झाले. आता हाताचं बघू. माझं मत असं की कमी उडणाऱ्यानं वर्षातून दोन लांबच्या सहली करण्यापेक्षा दर तीन-चार आठवड्यांनी तासभर उडावं. लांबच्या सहलीत चार तास सरळ उडता आणि दोनच लँडिंग करता. तासाभरात मात्र पाच-सहा लँडिंग होतात, आणि सवय मोडते ती सरळ उडण्याची नव्हे, जमिनीजवळच्या शेवटच्या तीस सेकंदांची.

माझा तास साधारण असा जातो. सरावाच्या मोकळ्या भागात जाऊन हळू वेगातलं उड्डाण, एक स्टॉल (पंखांची उचल सुटेपर्यंत नाक वर घेऊन पुन्हा सावरणं), मग थ्रॉटल मागे ओढून ‘इंजिन गेलं’ असं धरून शेत निवडणं. सेस्ना १७२ एस मध्ये तेव्हा सगळ्यात लांब तरंगत जायचा वेग, ६८ नॉट, हा आकडा विचार न करता तोंडून आला पाहिजे. मग परत येऊन एक लँडिंग फ्लॅपशिवाय, एक आखूड धावपट्टी समजून, एक नेहमीचं, आणि एकदा मुद्दाम गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. गो-अराउंडचा सराव सगळ्यात कमी होतो. खरी वेळ आली की हात थ्रॉटलकडे जातो, फ्लॅप विसरतो आणि पाय उजवा रडर दाबायचं विसरतो. वारा आडवा असेल त्या दिवशी इन्स्ट्रक्टरला घेऊन जा. घरी राहू नका, एकटे पण जाऊ नका.

रेडिओचं गंजणं वेगळंच. न्यूवर्क विमानतळाच्या क्लास बी खाली, म्हणजे मोठ्या विमानतळाभोवतीच्या नियंत्रित आकाशाखाली, राहणाऱ्यांनी गाडीत येता-जाता लाइव्हएटीसीवर नियंत्रकांचं थेट बोलणं ऐकावं; कान तयार राहतो. घरच्या सिम्युलेटरवर केलेली लँडिंग ९० दिवसांत धरली जात नाहीत, पण चेकलिस्ट आणि रेडिओसाठी तो उत्तम. तोही नसेल तर स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून डोळे मिटून पूर्ण चक्कर मनात उडवा. घरचे हसतात, हसू द्या.

शेवटच्या उड्डाणानंतर आकाशात काय बदललं तेही बघा. नकाशे दर ५६ दिवसांनी नवे येतात. आणि आमच्या न्यू जर्सीत एक जास्तीचं दुखणं: राष्ट्राध्यक्ष ट्रम्प बेडमिन्स्टरला त्यांच्या गोल्फ क्लबवर आले की भोवती ३० नॉटिकल मैलांवर निर्बंध लागतात आणि आतल्या साधारण १० मैलांत छोट्या विमानांचं उडणं जवळपास थांबतं. उन्हाळ्याचा हातचा शनिवार असा जातो. म्हणून ९० वा दिवस जवळ येईपर्यंत वाट बघू नका, साठाव्या दिवसाच्या आसपासच विमान बुक करा.

पायरी ९: सगळंच उलटून गेलं असेल तर

मूल झालं, नोकरी बदलली, मध्ये पाच वर्षं गेली. लायसन्स अजून तुमचंच आहे, परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. क्रम एवढा ठेवा: आधी मेडिकल किंवा बेसिकमेड, कारण तिथं अडकलात तर बाकीचे पैसे वाया. मग जमिनीवरचा अभ्यास. एओपीए ही वैमानिकांची संघटना ‘रस्टी पायलट्स’ नावाचे वर्ग घेते, त्यापासून सुरुवात सोपी जाते. मध्यंतरी काय बदललं त्याची यादी करा. उदाहरणार्थ, १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या आसपास एडीएस-बी, म्हणजे विमानाची जागा सतत कळवत राहणारं यंत्र, लागतं. त्यानंतर इन्स्ट्रक्टरसोबत हवेत. जितकी वर्षं सुटली साधारण तितके तास, हा ढोबळ अंदाज पैशांची तजवीज करायला उपयोगी पडतो. तुम्हाला जास्त लागतील, कमीही लागतील.

त्या तासांची लँडिंग ९० दिवसांच्या हिशेबातही धरली जातात. त्यामुळे रिव्ह्यूचं शेवटचं उड्डाण संध्याकाळी उशिरा ठेवा, त्यातच रात्रीची तीन लँडिंग पूर्ण थांबून उरका, आणि इन्स्ट्रक्टर सही करत असतानाच फ्रिजवरच्या कागदाच्या चारही तारखा नव्यानं लिहून घ्या.